चाळीस वर्षांची धूळ

मृगाचे नक्षत्र जवळ आले की सह्याद्रीच्या माथ्यालगतच्या गावांतून पूर्वी एकच लगबग उडे, ती शाकारणीची. बेळगावहून लोंढ्याकडे निघालेली आगगाडी खानापूर मागे टाकते आणि थोड्याच वेळात गुंजीच्या स्थानकाशी येते. माउलीदेवीचे हे गाव खानापूर तालुक्याच्या त्या पट्ट्यात वसले आहे, जेथे पाऊस पडत नाही, कोसळतो. याच तालुक्यात कणकुंबीजवळ मलप्रभेचा उगम आहे. अशा मुलखात माणसाच्या संसाराची पहिली चिंता अन्नाची खरी. पण तिच्या पाठोपाठची चिंता छपराची. ज्याचे आढे भक्कम आणि पाखे निगुतीने शाकारलेले, त्याचे चार महिने सुखाचे. ज्याचे छप्पर गळके, त्याच्या घरात चुलीपासून पाळण्यापर्यंत सर्वत्र पाऊस.

या छपरांचा इतिहास हा एका अर्थी त्या मुलखाच्या राहणीचाच इतिहास होय. आरंभी गवताने शाकारलेली केंबळी घरे होती. मग कुंभाराची नळीची कौले आली आणि त्यांच्यामागून यंत्रावर दाबलेली मंगलोरी कौले आली. खानापूरची माती कुंभारकामाला चांगली. तेथील कौले व मातीची भांडी यांचा लौकिक जुना आहे. तरीही कौलांचे छप्पर म्हणजे वर्षाकाठचा खर्च. माकडांनी उड्या मारल्या की कौले फुटत, वासे व रिपा वाळवी खाई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या सगळ्यावर एक स्वस्त तोड निघाली. करड्या रंगाचा, पन्हळीचा, सिमेंटचा पत्रा! तो गंजत नाही, पेटत नाही, वाळवी लागू देत नाही, आणि चार माणसे एका दिवसात घर झाकून मोकळी होतात. गोठे, शाळा, दुकाने, गिरण्या आणि कारखान्यांच्या चाळी त्याखाली आल्या. त्या पत्र्यात सिमेंटबरोबर आणखी काय असते, हे विचारण्याचे कोणास कारण पडले नाही.

त्यात जे असते, त्याचे नाव ॲस्बेस्टॉस. जुन्या पद्धतीच्या पत्र्यात त्याचे प्रमाण वजनाने साधारण दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते. पण पत्र्याला ताकद येते ती त्यानेच. ॲस्बेस्टॉस हा कारखान्यात घडवलेला पदार्थ नव्हे. तो खाणीतून निघणारा दगड होय. मात्र असा दगड की जो पिंजला असता कापसासारखा फुलतो, ज्याचे सूत निघते, ज्याचे कापड विणता येते, आणि जो आगीत टाकला तरी जळत नाही. त्याच्या ग्रीक नावाचा अर्थच ‘न विझणारा’ असा आहे. वाफेची यंत्रे आली, तसा या दगडाचा भाग्योदय झाला. आगगाडीच्या इंजिनांचे व आगबोटींचे बाष्पपात्र उष्णता धरून राहावे म्हणून त्यावर ॲस्बेस्टॉसचे वेष्टण चढे. गिरण्यांतील वाफेच्या नळांवर ते चढे. मोटारींच्या ब्रेकांत ते घातले जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी लुडविग हॅचेक या ऑस्ट्रियन कारखानदाराने सिमेंट व ॲस्बेस्टॉस यांचे पातळ पत्रे बनविण्याची रीत शोधून काढली आणि हा दगड यंत्रशाळेतून निघून सामान्य माणसाच्या डोक्यावर येऊन बसला.

या दगडाचा दोष त्याच्या गुणातच दडलेला आहे. त्याचा तंतू तुटतो तो उभा चिरत जातो आणि प्रत्येक चिरण्यासरशी अधिक बारीक होतो. अखेर तो इतका सूक्ष्म होतो की डोळ्यांस दिसत नाही, हवेत तासन्‌तास तरंगतो आणि श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतो. शरीरातील रक्षक पेशी साधी धूळ गिळून बाहेर काढतात. हा लांब टोकदार तंतू त्यांस गिळता येत नाही. तो तेथेच रुततो, कधी फुप्फुसाभोवतीच्या पातळ आवरणापर्यंत जातो आणि वर्षानुवर्षे तेथे दाह चालू ठेवतो. त्यातून तीन प्रमुख व्याधी उद्भवतात. पुष्कळ धूळ दीर्घकाळ ओढल्याने फुप्फुस घट्ट, चिवट होत जाते, तो ॲस्बेस्टॉसिस. दुसरा फुप्फुसाचा कर्करोग. तिसरा फुप्फुसावरणाचा किंवा उदरावरणाचा कर्करोग. त्यास वैद्यक मेसोथेलिओमा म्हणते. हा तिसरा रोग एरवी अत्यंत विरळा. त्यामुळे तो जेथे आढळतो, तेथे ॲस्बेस्टॉसची धूळ कोठे होती, याचा शोध आपोआप सुरू व्हावा अशी त्याची ख्याती आहे.

या रोगाची सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणजे त्याचा सुप्तकाल. पहिल्या श्वासापासून रोग प्रकट होईपर्यंत वीस, तीस, चाळीस, कधी त्याहूनही अधिक वर्षे लोटतात. म्हणूनच मेसोथेलिओमाचे बहुसंख्य रुग्ण साठी-सत्तरी उलटलेले असतात. या हिशेबानेच तरुण रुग्णाचे प्रकरण निराळे ठरते. सत्तर वर्षांच्या वृद्धाचा रोग त्याच्या कामाच्या जागी शोधता येतो. पण पस्तीस वर्षांच्या माणसास हा रोग झाला तर तीस वर्षे मागे जावे लागते; आणि तीस वर्षांपूर्वी तो कामगार नसतो, पाच वर्षांचे मूल असते. मग शोध कारखान्यात करून भागत नाही. तो घरात करावा लागतो, अंगणात करावा लागतो, बापाच्या कपड्यांत आणि खेळण्याच्या मैदानात करावा लागतो. ॲस्बेस्टॉसचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर हेच दिसते की, धोक्याची घंटा पुन्हा पुन्हा वाजली ती अकाली गेलेल्या तरुण माणसांच्या मृत्यूने. आणि प्रत्येक वेळी ती ऐकण्यास उशीर झाला.

१८९९ साली लंडनच्या चॅरिंग क्रॉस रुग्णालयात डॉ. मॉन्टेग्यू मरे यांच्याकडे एक रोगी आला. वय अवघे ३३. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात त्याची चौदा वर्षे गेली होती. त्यांतील पहिली दहा तंतू पिंजण्याच्या खात्यात. पुढील वर्षी तो मरण पावला. मरण्यापूर्वी त्याने डॉक्टरांस सांगितले होते की, त्या खात्यात आपल्याबरोबर जे दहा जण होते, त्यांतला आपण एकटाच उरलो आहोत; बाकीचे तिशीच्या सुमारासच गेले. डॉ. मरे यांनी १९०६ साली सरकारी समितीपुढे ही हकीकत निवेदन केली. परंतु भरपाईस पात्र अशा रोगांच्या यादीत या रोगास त्या वेळी स्थान मिळाले नाही. त्याच्याही आधी, १८९८ साली, ल्युसी डीन या कारखाना-निरीक्षक बाईंनी ॲस्बेस्टॉसच्या धुळीतील अणकुचीदार कणांचे आणि त्यांच्या दुष्परिणामांचे वर्णन आपल्या अहवालात केले होते. अहवाल छापला गेला आणि कपाटात राहिला.

१९२४ साली इंग्लंडातील रॉचडेल गावची नेली केरशॉ ही कामगार स्त्री वयाच्या तेहतिसाव्या वर्षीच वारली. बाराव्या वर्षी ती गिरणीत शिरली होती आणि तिचे बहुतेक आयुष्य ॲस्बेस्टॉसचे सूत कातण्यात गेले होते. कंपनीने भरपाई नाकारली. अंत्यसंस्काराचा खर्चही दिला नाही. तिचे दफन झाले त्या जागी दगड उभा राहिला नाही. परंतु डॉ. विल्यम कुक यांनी तिची फुप्फुसे सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, आणि १९२७ साली त्यांनी वापरलेले ‘ॲस्बेस्टॉसिस’ हे नाव वैद्यकात रूढ झाले. १९३० साली मेरेवेदर व प्राइस यांनी ब्रिटिश सरकारसाठी केलेल्या पाहणीत ३६३ कामगार तपासले, तेव्हा सुमारे चौथ्या हिश्श्याच्या फुप्फुसांत हा विकार आढळला. १९३१ साली धूळ आवरण्याचे नियम इंग्लंडात झाले.

हे दोन्ही तरुण जीव ॲस्बेस्टॉसिसने गेले. तो कर्करोग नव्हे. त्या काळी कारखान्यांत धूळ इतकी दाट असे की कर्करोगास लागणारी वर्षे माणसाच्या वाट्यास येतच नसत. धूळ कमी झाली, कामगार अधिक वर्षे जगू लागले, तेव्हा मागून दुसरा शत्रू पुढे आला. १९५५ साली रिचर्ड डॉल यांनी दाखवून दिले की, ज्या पुरुषांनी वीस वा अधिक वर्षे या धुळीत काम केले, त्यांस फुप्फुसाचा कर्करोग होण्याचा धोका सर्वसामान्य माणसाच्या सुमारे दहापट होता.

तथापि घरातील मुलांचा प्रश्न पुढे आणला तो १९६० साली दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या एका निबंधाने. वॅग्नर, स्लेग्स व मार्चंड यांनी मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण नोंदविले. त्यांतील एक वगळता सर्वांचा संबंध किंबर्लीच्या पश्चिमेकडील निळ्या ॲस्बेस्टॉसच्या डोंगराळ प्रदेशाशी पोचत होता. आणि त्यांपैकी कित्येकांनी खाणीत कधी काम केलेच नव्हते! ते तेथे जन्मले होते, किंवा त्यांचे लहानपण तेथे गेले होते. पुढे ते दूर निघून गेले. काहींस तर तो मुलूख सोडून कित्येक दशके झाली होती. पाच वर्षांनी लंडनमध्ये न्यूहाउस व थॉम्प्सन यांनी ७६ रुग्णांची पूर्वपीठिका तपासली. त्यांपैकी ४० जणांचा ॲस्बेस्टॉसशी कामाच्या किंवा घराच्या द्वारे संबंध आला होता. त्यांतील नऊ जणांचा दोष एवढाच की ते ॲस्बेस्टॉस-कामगाराच्या घरात राहत होते. नवऱ्याचे कामाचे कपडे झटकून धुणे, हेच त्यांतील बहुतेक बायकांचे ‘काम’ होते. इतरांपैकी काही जण कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहिलेले निघाले.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील विटेनूमची कथा याहून करुण आहे. तेथे १९४३ ते १९६६ या काळात निळ्या ॲस्बेस्टॉसची खाण चालली. खाणीचा उरलेला चुरा फुकट मिळे, म्हणून तो रस्त्यांवर, घरांच्या अंगणांत आणि शाळेच्या आवारातही पसरण्यात आला. मुले त्यात वाळूसारखी खेळली. गाव उठले, मुले मोठी होऊन देशभर पांगली. आणि प्रौढपणी त्यांच्यात मेसोथेलिओमा सर्वसामान्य प्रमाणाहून कितीतरी अधिक आढळू लागला. तुर्कस्तानातील कराईन गावात तर खाणही नव्हती, कारखानाही नव्हता. १९७० च्या दशकात डॉ. इझेत्तिन बारिश यांनी तेथील मृत्यूंचा माग काढला, तेव्हा घरे ज्या मऊ दगडाची बांधली होती, त्यातच ॲस्बेस्टॉससारखा तंतुमय असा एरिओनाइट नावाचा खनिजपदार्थ असल्याचे निष्पन्न झाले. या गावचे काही लोक स्वीडनला जाऊन स्थायिक झाले होते. तेथेही हा रोग त्यांच्या मागून आला. गाव सोडता येते. पण लहानपणी छातीत गेलेली धूळ सोडता येत नाही.

एक गोष्ट येथे न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. तिशीतील प्रत्येक मेसोथेलिओमामागे ॲस्बेस्टॉसच असते असे नव्हे. काहींस पूर्वी दुसऱ्या रोगासाठी किरणोपचार झालेले असतात. काही कुटुंबांत बीएपी-१ नावाचे जनुक जन्मतःच सदोष असते आणि त्या घरात हा कर्करोग कमी वयात होऊ शकतो, हे २०११ साली सिद्ध झाले. तरुणांत उदरावरणाचा प्रकार तुलनेने अधिक दिसतो, स्त्रियांचे प्रमाणही वाढते, आणि उपचारांनी त्यांस वृद्धांपेक्षा काहीसे अधिक आयुष्य लाभते. परंतु या अपवादांचा निवाडा तेव्हाच होऊ शकतो, जेव्हा रुग्णाच्या बालपणाची खरीखुरी चौकशी होते. चौकशीच न करता ‘कारण अज्ञात’ असे लिहिणे म्हणजे निदान नव्हे.

आता आपल्या देशाकडे वळावे. इंग्लंडात धुळीचे नियम झाले १९३१ साली. आणि ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा पत्रा बनविण्याचा उद्योग भारतात उभा राहिला १९३४ साली, मध्य प्रदेशातील कैमूर येथे. त्यामागे भांडवल ब्रिटिश होते. म्हणजे धुळीने काय होते हे विलायतेत ठाऊक झाल्यानंतर हा धंदा येथे आला. यंत्रे आली, पण त्यांच्यामागून ते ज्ञान त्याच गतीने आले नाही. पुढे मुंबईच्या मुलुंड भागात पत्र्यांचा कारखाना चालला, आणि घाटकोपरला ॲस्बेस्टॉसचे सूत व ब्रेकांची अस्तरे होऊ लागली. कापडगिरण्यांचे बाष्पपात्र, गोदीतील बोटी, दारूखान्यात मोडीत निघालेली जहाजे, यांतही हाच पदार्थ होता. घाटावरून, कोकणातून आणि बेळगावच्या मुलखातून माणसे मुंबईस गेली ती रोजगाराच्या ओढीने. धूळ ही त्या काळी रोजगाराचाच एक भाग समजली जाई. संध्याकाळी कामगार त्याच कपड्यांत खोलीवर येई. दहा बाय बाराच्या त्या खोलीत मूल धावत येऊन त्याच्या पायांस बिलगे. कपडे तेथेच झटकले जात आणि इतर कपड्यांबरोबर धुतले जात. लंडनच्या पाहणीत जे आढळले, त्यास लागणारी सर्व सामग्री मुंबईच्या चाळीत जमलेली होती.

तिचा परिणाम मुंबईत नीट मोजला गेला तो फार उशिरा. डॉ. मुरलीधर व विजय कान्हेरे यांनी मुंबईतील एका ॲस्बेस्टॉस-कारखान्याच्या १८१ कामगारांची तपासणी केली. तिचा वृत्तान्त २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात पाचव्या हिश्श्याहून अधिक कामगारांत ॲस्बेस्टॉसिस आढळला. ही तपासणी कामगारांची होती. त्यांच्या घरी वाढलेल्या मुलांची अशी मोजदाद कोणी ठेवावी, हा प्रश्न मागेच राहिला.

त्याआधी दहा वर्षे, २७ जानेवारी १९९५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर एक महत्त्वाचा निर्णय दिला होता. अहमदाबादच्या एका ग्राहक-संस्थेने केलेल्या अर्जावरचा तो निवाडा. कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले. रोगग्रस्त ठरलेल्या कामगारास एक लाख रुपये भरपाईचा दंडक घातला. आणि कारखानदारांस अशी आज्ञा केली की, प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद तो नोकरीस लागल्यापासून किमान चाळीस वर्षे, किंवा नोकरी सुटल्यापासून पंधरा वर्षे, यांपैकी जो काळ अधिक असेल तोवर जपून ठेवावी. या चाळीस वर्षांत रोगाचे सारे मर्म सामावले आहे. न्यायालयाने रोगाचा सुप्तकाल ओळखला आणि कागदाचे आयुष्य त्याच्याएवढे लांबविले.

परंतु चाळीस वर्षे कागद जपणे ही आपल्याकडे सोपी गोष्ट नव्हे. कारखाने बंद पडतात, नावे बदलतात, जमिनी विकल्या जाऊन तेथे उंच इमारती उभ्या राहतात. कंत्राटी मजुराचे नाव तर हजेरीपटावरही धड नसते. आणि जे मूल कामगार नव्हतेच, त्याची नोंद कोणत्या वहीत सापडणार?

येथे गुंजीसारख्या गावाचा प्रश्न विशेष बिकट होतो. अशी कल्पना करावी की, तेथील एक माणूस १९८० च्या सुमारास मुंबईत ब्रेकांच्या अस्तरांच्या कामावर होता. त्याचे मूल चार वर्षांचे होईपर्यंत त्याच खोलीत वाढले. मग माय-लेक गावी परतली. मूल गुंजीत शिकले, मोठे झाले, कामासाठी गोव्यास किंवा बेळगावास गेले. पस्तिशीच्या सुमारास त्यास दम लागू लागला आणि छातीत पाणी भरले. आपल्याकडे छातीत पाणी म्हटले की पहिला संशय क्षयाचा. तो रास्तही आहे, कारण क्षय विपुल आहे. सहा महिने क्षयाची औषधे चालतात. पाणी पुन्हा भरते. अखेर मोठ्या शहरातील रुग्णालयात तुकडा काढून तपासला जातो, तेव्हा रोगाचे खरे नाव कळते. तोवर ज्या धुळीने तो झाला तिचा कारखाना एका राज्यात, रुग्णाचे घर दुसऱ्या राज्यात आणि त्याची नोकरी कदाचित तिसऱ्यात. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी बेळगाव व मुंबई एकाच राज्यात होती. त्या दिवसापासून ती दोन राज्यांत विभागली गेली. सीमेचा वाद न्यायालयात आहे आणि त्याचा निर्णय तेथे होईल. पण छातीतील तंतूस सीमा कळत नाही. कळते ती नोंदवहीस. कामाची नोंद एकीकडे आणि रोगाची दुसरीकडे राहिली, तर दोन्ही मिळून जे सत्य होते ते कोठेच उमटत नाही.

कर्करोगाच्या नोंदीची परंपरा आपल्याकडे नाही असे नव्हे. मुंबईत अशी नोंदणी १९६३ साली सुरू झाली, देशव्यापी कार्यक्रम १९८० च्या दशकाच्या आरंभी आला, आणि ग्रामीण भागातली पहिली नोंदणी १९८७ साली बार्शीस उभी राहिली. बार्शीने हे दाखवून दिले की, खेड्यापाड्यांतला रोगी शोधण्यासाठी नोंदकर्त्याने गावोगाव जावे लागते, लोकांशी बोलावे लागते. तसेच जाणे सीमेवरच्या गावांतही व्हावयास हवे. आणि रुग्णास ‘आता काय करता?’ एवढेच न विचारता ‘लहानपणी कोठे राहिलात? वडील कोणत्या कामावर होते? घरी कपडे कोण धूत असे?’ हेही विचारावयास हवे. या तीन प्रश्नांस खर्च येत नाही. परंतु तरुण रुग्णाच्या बाबतीत ते विचारले नाहीत तर इतर साऱ्या तपासण्या अपुऱ्या राहतात.

या मुलखात आणखी एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. निपाणी ही तंबाखूची पेठ आणि विड्यांचा धंदा तेथे जुना. धूम्रपान आणि ॲस्बेस्टॉस यांची बेरीज होत नाही, जवळजवळ गुणाकार होतो. १९७९ साली हॅमंड व सेलिकॉफ यांनी अमेरिकन कामगारांवरून दाखविले की, फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका केवळ ॲस्बेस्टॉसने सुमारे पाचपट, केवळ धूम्रपानाने सुमारे अकरापट, परंतु दोन्ही एकत्र आल्यास पन्नासपटीहून अधिक होतो. मेसोथेलिओमाचा मात्र विडीशी संबंध नाही. म्हणून तो झालेल्या तरुणास ‘विड्या ओढत असशील’ असा दोष देणे सर्वथा अन्यायाचे आहे.

मग डोक्यावरच्या पत्र्याचे काय? येथे घबराटीस कारण नाही, पण सावधगिरीस आहे. धड असलेल्या पत्र्यात तंतू सिमेंटात घट्ट बसलेले असतात. त्याखाली झोपणाऱ्यास होणारा धोका कारखान्यातील धुळीच्या मानाने अगदी अल्प होय. धोका निर्माण होतो तो पत्रा करवतीने कापताना, त्यास भोके पाडताना, तो घासताना किंवा फोडताना. जुने पत्रे पावसाने झिजून त्यांचा चुरा सुटतो, त्याकडेही पाहिले पाहिजे. पत्रा उतरवावयाचा झाल्यास तो आधी पाण्याने भिजवावा, न फोडता अखंड उतरवावा, कोरडा झाडू मारू नये, मुलांस दूर ठेवावे आणि कामाचे कपडे वेगळे धुवावेत. फुटक्या पत्र्यांचे तुकडे चिखलाच्या वाटेवर किंवा अंगणात भर म्हणून टाकण्याची सवय तर सोडलीच पाहिजे. कारण विटेनूमच्या अंगणांतही हेच झाले होते.

ॲस्बेस्टॉसच्या सर्व जाती कर्करोगकारक आहेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे स्पष्ट मत आहे. उद्योगाचे म्हणणे असे की, पांढरी जात निळीहून सौम्य आहे आणि काळजी घेतल्यास ती निर्धोकपणे वापरता येते. निळी अधिक घातक हे खरे. परंतु सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे. ब्रिटनने १९९९ साली ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली, युरोपीय संघाने २००५ साली. शतकभर हा दगड जगास विकणाऱ्या कॅनडानेही २०१८ साली तोच मार्ग धरला. भारतात खाणींचे नवे पट्टे देणे १९८६ साली थांबले, पण परदेशांतून पांढरा ॲस्बेस्टॉस आणून पत्रे बनविणे थांबले नाही. पत्र्यास ताकद देणारे दुसरे तंतू उपलब्ध आहेत, आणि खानापूरच्या मातीतील कौलाचा पर्याय तर पूर्वीपासूनच आहे.

या रोगाची गती ध्यानी घेतली म्हणजे एक गोष्ट उघड होते. जी धूळ आज उडेल, तिचा हिशेब चाळीस वर्षांनी लागेल; आणि आज जे तरुण आजारी पडतात, ते मागील पिढीच्या दुर्लक्षाचे देणे फेडीत असतात. त्यांतील कोणाचा बाप कामावरून आल्यावर अंगावरची धूळ झटकून मुलास उचलून घेत असे, हा त्याचा अपराध नव्हता. त्यास कोणी सांगितलेच नव्हते. आता मात्र सर्वांस ठाऊक आहे. पुढच्या मृगाआधी गुंजीच्या परिसरात कोणी जुना पत्रा उतरवील, तेव्हा त्यावर आधी दोन घागरी पाणी ओतले जावे आणि अंगणातले मूल तेवढ्या वेळापुरते शेजारघरी बसविले जावे. एवढे झाले तरी त्या मुलाच्या चाळिसाव्या वर्षासाठी आजच काही केल्यासारखे होईल.